फाटकातला गुलखैरा

कुणालाही कधी ‘ऊठ’ न म्हणणारं एकच माणूस मी आजवर पाहिलं, ते म्हणजे जळगावच्या आमच्या घरमालकीणबाई. भाडेकरूला त्या ऊठ म्हणत नसत, पायरीवर येऊन टेकलेल्या भिकाऱ्याला म्हणत नसत, दुपारी ओसरीतल्या आरामखुर्चीत शिरून निजलेल्या गल्लीतल्या कुत्रीलाही म्हणत नसत, आणि अंगणात वाटेल तिथं उगवून आलेल्या फुलझाडाला तर मुळीच नाही. माणसांचं आणि कुत्रीचं एक वेळ चालून जातं, कंटाळली की ती आपली आपण उठतात. झाडं उठत नाहीत. त्यामुळे दर वर्षी संक्रांत झाली की आमच्या अंगणातली माणसं हळूहळू कडेला सरकायला लागत, आणि होळीपर्यंत सगळी भिंतीला पाठ घासत चालत असत.

सगळी कॉलनी त्यांना अक्का म्हणायची. वडिलांना जळगावला पाइपच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा आम्ही अक्कांच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहायला आलो. मी नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. त्याआधीची सगळी वर्षं नाशिकच्या मिशनरी शाळेत गेली होती आणि मराठी बोलायचं म्हटलं की वाक्य आधी मनात तपासून बघायची मला सवय होती. तपासून होईपर्यंत समोरचा माणूस दुसरं काही बोलायला लागलेला असे. म्हणून मी बहुतेक वेळा गप्पच राहायची आणि बघत बसायची. अक्कांकडे बघण्यासारखं पुष्कळ होतं.

सामानाचा टेम्पो आला तो फाल्गुन महिना होता. घराला दोन बाजूंनी उघडणारं लोखंडी फाटक होतं. त्याची उजवी बाजू उघडी होती आणि डाव्या बाजूच्या मागे माझ्या डोक्यावरून गेलेल्या झाडांची रांग उभी होती, गुलाबी, पांढऱ्या, गर्द लाल फुलांनी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लगडलेली. लोखंडी कपाट अर्ध्या फाटकातून आत येईना. वडिलांनी डावी बाजू उघडायची परवानगी मागितली. अक्का ओसरीतून उतरल्या, झाडांकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाल्या, “ते दार आखाजीनंतर उघडतं.” आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन महिन्यांवर होती. शेवटी चार हमालांनी कपाट कंपाउंडच्या भिंतीवरून उचलून आत घेतलं. एक हमाल भिंतीवर बसून ओरडत होता, खालचा घामाघूम झाला होता, आणि अक्का मध्ये उभ्या राहून एवढंच सांगत होत्या की पाय जरा डावीकडे ठेवा, तिथं एक लहान रोप आहे.

ती झाडं मी ओळखली होती. आमच्या शाळेच्या बागेत ती चर्चच्या भिंतीलगत ओळीनं लावलेली असत, पुढे विटांची तिरपी किनार, आणि माळी दर शनिवारी त्यांचे वाकडे दांडे काठीला बांधायचा. मला त्यांचं इंग्रजी नाव तेवढं माहीत होतं. इथं ते म्हणायला लाज वाटली. अक्कांना ते कळलं असावं. संध्याकाळी माझ्या शेजारून जाताना, मी काही विचारलं नसताना त्या म्हणाल्या, “गुलखैरा.” आमची ओळख तेवढ्या एका शब्दावर झाली.

अक्का बी कधी पेरत नसत, हे मला पुढे कळलं. पेरत नसत, रोप एका जागेवरून दुसरीकडे लावत नसत, आणि उपटत तर नसतच. चैत्रात झाडं वाळायची, शेंगा तडकायच्या, बी पडेल तिथं पडायचं, पावसाळाभर गवताखाली दडून राहायचं, आणि दिवाळीनंतर थंडी सुरू झाली की अंगणभर बारीक हिरवी पानं दिसायला लागायची. त्या दिवसांत अक्का रोज सकाळी पदर खोचून, कमरेत वाकून सगळं अंगण हिंडायच्या. या वर्षी कोण कुठं बसलंय ते बघायला. मग त्याप्रमाणे घर हलायचं. पायवाटेवर फ्लॉक्स उगवला, पायवाट सरकली. दोरीखाली कॉसमॉस उभा राहिला, कपडे वाळत घालायची दोरी दुसरीकडे गेली. धुण्याच्या दगडाला निळ्या तुऱ्यांच्या झाडांनी असं घेरलं की एक हिवाळाभर माझ्या आईनं धुणं न्हाणीघरात धुतलं. ती कुरकुरली तेव्हा अक्का तिच्या जवळ जाऊन, जणू घरात आजारी माणूस आहे अशा आवाजात म्हणाल्या, “आपलं आपण उनं शे. राहू द्या.” अक्का शहरातल्या माणसांशी सरळ मराठी बोलत, पण झाडांचा विषय निघाला की त्यांची माहेरची खान्देशी बाहेर यायची. आपलं आपण आलंय, राहू द्या. रात्री ती वडिलांना म्हणाली की या बाई आपल्यालाही कधी उठवणार नाहीत, तेव्हा दगडाचं सोडून द्यावं.

नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. तरी झाडं तहानलेली राहत नसत. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, सगळं पाणी अक्का एका पितळी तपेल्यात साठवायच्या आणि तांब्यानं प्रत्येकाच्या मुळाशी घालायच्या. आमच्या स्वयंपाकघरातलंही. आईनं डाळ न धुता शिजवली तर अक्कांना लगेच कळायचं. दूधवाला जुना होता, त्याला दर वर्षीची वाट पाठ असे. नवीन माणूस आला की मात्र तो फाटकाशीच घोटाळायचा, आणि आतून अक्कांचा आवाज यायचा, “तिरपे व्हा जरा. आता सरळ. आता विटेवर पाय.” एकदा डॉक्टरांच्या बायकोनं बी मागितलं. अक्कांनी तिला चहा दिला, फुलांजवळ नेलं, पण बी दिलं नाही. मी दिलं तर ते दिलेलं होईल, आलेलं होणार नाही, असं काहीतरी त्यांनी तिला सांगितलं. डॉक्टरीणबाई पुढे कित्येक महिने या वाक्याचा अर्थ कॉलनीभर विचारत होत्या.

या सगळ्याचा खरा त्रास व्हायचा तो अक्कांच्या मुलाला. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. भाऊंचा डाळीच्या दलालीचा धंदा होता आणि घरी व्यापारी यायचे. एकदा इंदूरचे एक भारदस्त शेठ आले. फाटकातून ते तिरपे होऊनही मावेनात, म्हणून त्यांना मागच्या गल्लीनं, आमच्या चुलीपुढून, कपड्यांच्या दोरीखालून वाकवून आणावं लागलं. ओसरीत पोचले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या धोतरावर पिवळे परागकण होते आणि टोपीवर आमचा वाळत घातलेला एक मोजा. शेठ दिलदार होते, हसले. ते गेल्यावर भाऊ म्हणाले, “अक्का, लोक हसतात आपल्याला.” अक्का गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “हसत गेले ना? रडत गेले त मला सांग.” भाऊंनी अंगणात घालायला शहाबादी फरशीही आणून ठेवली होती. ती भिंतीला टेकवून उभी होती. दुसऱ्या वर्षी फरश्यांच्या फटींतून पिटुनिया बाहेर आला आणि फरशीचा प्रश्न तिथंच संपला. तिलाही आता उठवता येत नव्हतं.

दुपारी मी मागच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसायची. कधीकधी अक्का येऊन शेजारी बसायच्या. आम्ही दोघी बोलत नसू. मी पान उलटायची, त्या वाती वळायच्या. मला वाटतं, त्यांना माझं न बोलणं आवडायचं. मला त्यांचं न विचारणं आवडायचं.

एका दिवशी मात्र अक्का बदलून जात. खान्देशात आखाजीचा सण दिवाळीहून मोठा. लग्न झालेल्या लेकी त्या दिवसांत माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण लेक आपली आपण येत नाही. तिला न्यायला माहेरचं माणूस जावं लागतं, बहुधा भाऊ. त्याला मुराळी म्हणतात. माझ्या आईचं माहेर धुळ्याचं. दर वर्षी आखाजीच्या आधी मामा मुराळी होऊन धुळ्याहून यायचा. सफारी घातलेला, पोट सुटलेला, हातात डांगर, म्हणजे खरबूज. फाटकातून आत यायला त्याला श्वास रोखून धरावा लागे. अक्का त्याला आमच्या आधी ओसरीत बसवत, कैरीचं पन्हं देत आणि दर वर्षी तेच विचारत, “बहिणीला न्यायला आला का, भाऊ?” मामा हो म्हणायचा. “चांगलं केलं,” त्या म्हणायच्या. मग आमची रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत फाटकाशी उभ्या राहायच्या. वाळलेल्या गुलखैऱ्यांच्या रांगेत, त्यांच्याएवढ्याच उंच, त्यांच्यासारख्याच किंचित वाकलेल्या.

अक्कांना एक लेक होती, धुळ्यालाच दिलेली. ती येत नसे. आईनं मला ते हळू आवाजात सांगितलं होतं. अक्कांचे यजमान गेले, त्यांची फैजपूरला केळीची बाग होती. पुढच्या आखाजीला लेक माहेरी आली. ती अंगणातल्या निंबावर झोका घेत असताना भाऊंनी तिला हाक मारून खाली बोलावलं आणि हक्क सोडल्याच्या कागदावर सही मागितली. तिनं कागद वाचलाही नाही. सही केली, आणि पानावर न बसता संध्याकाळच्या एसटीनं परत गेली. जाताना म्हणाली, आता मुराळी आला तर येईन, आणि त्यानं कागद घरी ठेवून यावं. भाऊ गेले नाहीत. सही तर राजीखुशीनं केली, मग रुसायचं कशाला, आणि यायचं असेल तर रस्ता माहीत आहे, असं ते म्हणायचे. पण आखाजीला ते स्वतः निंबावर चढून झोका बांधायचे. त्यावर कॉलनीतल्या पोरी बसायच्या. कधी मीही बसले आहे. अक्का ओसरीतून बघत असायच्या, आणि झोका रिकामा झाला की नजर फाटकाकडे जायची.

माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. परीक्षा सुरू होती, पण मध्ये दोन दिवसांची सुट्टी होती म्हणून आईला पोचवायला मी मामाबरोबर धुळ्याला जाऊन लगेच परत येणार होते. निघायच्या सकाळी अक्का मागच्या पायरीवर येऊन बसल्या. त्या वर्षी त्या थकलेल्या दिसत होत्या. हिवाळ्यात त्यांना दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. माझ्या पुस्तकावर हात ठेवून म्हणाल्या, “धुळ्याला माझ्या लेकीकडे जाशील?”

मी मान हलवली.

“तुझ्या आईला सांगत नाही. ती बोलते. तू बोलत नाहीस.”

काय सांगू, असं मी विचारलं. अक्का म्हणाल्या, “सांग, औंदा गुलखैरा फाटकावरून गेला होता.”

त्यांची लेक धुळ्यात देवपूर भागात राहायची. बाहेरच्या खोलीत शिवणाचं मशीन होतं, ब्लाउजच्या कापडांचे ढीग होते, आणि चष्मा नाकावर आलेली ती, अक्कांसारखंच रुंद कपाळ असलेली. मी कोण ते सांगितलं. तिनं एक बाही शिवून पूर्ण केली. शेवटी मी निरोप सांगितला.

“कुठला गुलखैरा?” तिनं विचारलं.

“फाटकातला. एक बाजू उघडतच नाही त्याच्यामुळे.”

तिनं मशीन थांबवलं. “आमच्या फाटकात? आमची अक्का वाफ्याबाहेर आलेलं पान राहू देत नव्हती, बाई. दोरी धरून ओळी लावायची. एक झाड वाकडं गेलं की ऊठ म्हणायची आणि उपटून टाकायची.”

मी तिला सगळं सांगितलं. इतकं सलग मी मराठीत आधी कधी बोलले नव्हते. सरकणारी पायवाट, धुण्याचा दगड, शेठजींचा मोजा. मोज्यापाशी तिला हसू आलं. मग तिनं विचारलं, हे कधीपासून. मी म्हटलं, आम्ही आलो तेव्हापासून तरी असंच आहे, त्याआधीचं माहीत नाही. शेजारी म्हणतात, एका आखाजीनंतर त्यांनी अंगण झाडायचंच सोडलं, तेव्हापासून. ती खिडकीबाहेर बघायला लागली. मग चष्मा काढून पदरानं पुसला आणि कोरड्या आवाजात म्हणाली, “भावाला पाठव म्हणावं. मुराळ्याशिवाय येऊ कशी?”

मी आधी वाक्य मनात तपासलं नाही. “या वर्षी मुराळी मी आहे,” मी म्हटलं.

“मुलगी?”

“मामा म्हणाला, चालतं.” मामा असं काहीही म्हणाला नव्हता.

तिनं मला लिंबाचं सरबत दिलं, परीक्षेला कोणते विषय आहेत ते विचारलं, आणि दारापर्यंत सोडायला आल्यावर म्हणाली, “बघते.”

जळगावला परत येऊन मी अक्कांना तेवढाच शब्द सांगितला. बघते म्हणजे बहुधा नाहीच, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला. “‘नाही’ नाही म्हणाली ना?” एवढंच विचारून आत गेल्या.

आखाजीच्या आदल्या सकाळी मी अभ्यासाला उठले तेव्हा फाटकाकडून वाळकं काही मोडल्याचा आवाज येत होता. मी पुढे जाऊन पाहिलं. अक्का फाटकाच्या डाव्या बाजूशी वाकल्या होत्या. गुलखैऱ्याचे दांडे पार वाळून काठ्या झाले होते, पण बियांच्या चकत्या अजून त्यांच्यावर तशाच होत्या, गळायच्या राहिलेल्या. अक्का एकेका दांड्याला दोन्ही हातांनी धरत, जरा हलवत, आणि ओढत. प्रत्येकाला धरताना त्या काहीतरी पुटपुटत होत्या. जवळ गेल्यावर मला ऐकू आलं. “ऊठ, माय,” त्या म्हणत होत्या. “ऊठ आता.”

सुरुवातीला मी जे म्हटलं, ते हा एक दिवस सोडून.

भाऊ ओसरीत दात घासत उभे होते. ते बघत राहिले. दार कुणासाठी मोकळं होतंय, हे त्यांना सांगावं लागलं नाही. चूळ भरून ते खाली आले आणि डावी बाजू उघडायला गेले, पण आखाजीनंतर ते दार उघडतं हे नुसतं म्हणण्यापुरतं होतं, एवढ्या वर्षांत कुणी न उघडल्यानं बिजागरी गंजून बसली होती. त्यांनी स्कूटरचं तेल आणून घातलं, खांदा लावला, दगडानं ठोकलं. शेवटी एक लांबलचक किंचाळी मारून फाटक उघडलं. दोघं मायलेक त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग भाऊ झोका बांधायला निंबावर चढले, आणि मला वाटलं, त्यांनी दोरीची गाठ त्या वर्षी दोनदा तपासली.

आखाजीच्या दिवशी सकाळी पितरांची घागर भरली, तिच्यावर डांगर ठेवलं. पुरणपोळ्या झाल्या, आंब्याचा रस झाला. इतक्या वर्षांनी पूर्ण उघडलेल्या फाटकातून सगळ्यात आधी एक शेळी आत आली आणि उरलासुरला कॉसमॉस खायला लागली. भाऊंनी तिला हाकललं. दुपार झाली. जळगावचं ऊन तुम्हाला माहीत असेल, त्यात रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. मी आणि वडील जेवलो. अक्का जेवल्या नाहीत, भूक नाही म्हणाल्या. भाऊंनीही ताट झाकून ठेवलं.

उन्हं उतरली तेव्हा रिक्षा थांबली. ती उतरली, हातात कापडी पिशवी. रिक्षा गेली तरी ती फाटकाच्या मधोमध उभीच राहिली. तिनं डावीकडे पाहिलं. तिथं नुसते खड्डे होते आणि सांडलेली माती.

“अक्का, इथली झाडं?”

“काढली.”

“का काढली?”

“तुला यायला दार नको का?” अक्का म्हणाल्या.

ती थोडा वेळ त्या खड्ड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मी तिरपी होऊन आले असते की.”

आणि पिशवी छातीशी धरून, अंग चोरून, सताड उघड्या फाटकातून ती खरोखर तिरपी होऊन आत आली. खड्ड्यांच्या कडेकडेनं, एकाही खड्ड्यात पाय न टाकता. भाऊंनी पुढे होऊन पिशवी घेतली. कागदाचं कुणी बोललं नाही, तेव्हाही आणि पुढेही बहुधा नाही. अक्कांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “बस.”

उपटताना अक्कांनी दांडे हलवले होते, त्यामुळे चकत्यांमधलं सगळं बी तिथंच सांडलं होतं. पुढच्या फाल्गुनात गुलखैरा फाटकाच्या दोन्ही बाजूंना आला, मधोमधही आला. भाऊ पेढीवर जाताना भिंतीवरून उतरायला लागले आणि व्यापाऱ्यांची सगळी बोलणी तिथंच व्हायला लागली. अक्कांनी ती फुलं पाहिली. त्यानंतरच्या वर्षीची पाहिली नाहीत.

तोवर माझं लग्न होऊन मी जळगाव सोडलं होतं. मध्ये एकदा धुळ्याला मामाकडे जायचं होतं, तेव्हा वाटेत जळगावला उतरले. फाल्गुन होता. अक्कांशिवायच्या त्या घरात काय बोलायचं, ते रिक्षात बसून मनात तपासत होते. भिंतीला शहाबादी फरशी तशीच टेकलेली दिसली. भाऊंचे केस पिकले होते, हातात पितळी तपेलं होतं. माझ्याकडे पाहून त्यांनी ओळखीचं हसून मान हलवली, आणि मी काही बोलायच्या आत फुलांच्या पलीकडून म्हणाले,

“ये. जरा तिरपी हो.”